श्वास थांबतो, तेव्हा

हवापालटासाठी देवळाली कॅम्पला जाण्याची रीत जुनी आहे. तिथल्या कोरड्या हवेत श्वास मोकळा होतो, असे आपण ऐकत आलो आहोत. पण हवा कितीही चांगली असली, तरी ती फुप्फुसांपर्यंत पोचायला हवी. समजा, तिथल्या एखाद्या सॅनिटोरियममध्ये आपण रात्री मुक्कामाला आहोत. शेजारच्या खोलीतून घोरणे ऐकू येते. ते एकदम थांबते. दहा-पंधरा सेकंद शांतता. मग मोठा आचका, आणि पुन्हा घोरणे. आपल्याला वाटते, काय गाढ झोप लागली आहे! पण त्या शांततेत श्वासच थांबलेला असू शकतो. वैद्यकात याला 'अ‍ॅप्निया' म्हणतात.

हा शब्द मूळचा ग्रीक. 'प्नेइन' म्हणजे श्वास घेणे, फुंकणे. हवा भरलेल्या टायरला 'न्यूमॅटिक' म्हणतात, तो शब्द याच कुळातला. सुरुवातीचा 'अ' नकाराचा. आपल्या 'अशक्य', 'अज्ञान' यांतला 'अ' आणि हा 'अ' मुळात एकच. म्हणजे अर्थ झाला, श्वास नसणे.

शब्द एवढेच सांगतो. श्वास का थांबला, हे सांगत नाही. मराठीत आपण 'श्वासरोध' म्हणतो आणि वाटेत काही आड आले असावे, असे समजतो. बहुधा ते खरेच असते. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात आणि वाट मिटते. छाती-पोट हलतात, पण हवा आत जात नाही. हा अवरोधी प्रकार. केंद्रीय प्रकारात मात्र वाट मोकळी असते, मेंदूकडून श्वासाची आज्ञाच जात नाही. म्हणून नुसते नाव कळून भागत नाही, प्रकारही ओळखावा लागतो.

विद्यार्थी विचारतील, कुंभकातही श्वास थांबतोच ना? थांबतो, पण तिथे लगाम आपल्या हाती असतो. झोपेत तो नसतो. प्रौढांमध्ये 10 सेकंद किंवा अधिक काळ पडलेला खंड मोजतात. रक्तातला ऑक्सिजन घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो. रात्रभर असे घडले, तर सकाळी माणूस थकलेलाच उठतो.

मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथी हे याचे नेहमीचे कारण. वर्गात पेंगणाऱ्या किंवा सतत चुळबुळ करणाऱ्या मुलाला रागावण्याआधी त्याच्या आईवडिलांना एवढे विचारू या : तो रात्री घोरतो का? मध्येच श्वास थांबतो का? उत्तर 'हो' आले, तर शिक्षेआधी डॉक्टर हवेत.