तोडणे सोपे, जोडणे अवघड!

संगणकावर याद्या, मसुदे आणि कामे एकत्र करताना नेमके काय हरवते?

ऑक्टोबर २०२०च्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडमध्ये एक विचित्र बाब उघडकीस आली. कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झालेल्या १५ हजार ८४१ जणांची नोंद सरकारच्या दैनंदिन आकडेवारीत झालेलीच नव्हती. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतील हे रुग्ण. त्यांच्या चाचण्या झाल्या होत्या, प्रयोगशाळांनी अहवाल पाठवले होते, खुद्द रुग्णांनाही ते कळवण्यात आले होते. मात्र त्यांच्या संपर्कात कोण कोण आले याचा शोध घेणाऱ्या यंत्रणेपर्यंत ही नावे वेळेत पोहोचलीच नाहीत. कोणी संगणकात घुसखोरी केली नव्हती, की कोठे आग लागली नव्हती. निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या याद्या एका तक्त्यात एकत्र करताना त्या तक्त्यातील ओळी संपल्या, एवढेच घडले होते.

खासगी प्रयोगशाळा आपले निकाल साध्या मजकुराच्या फायलींतून पाठवत. ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या सरकारी संस्थेची संगणकीय व्यवस्था त्या फायली उचलून एक्सेलच्या तक्त्यांत ओतत असे. हे तक्ते एक्सेलच्या जुन्या, म्हणजे ‘एक्सएलएस’ प्रकारातले होते. त्या प्रकारात एका पानावर ६५ हजार ५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. २००७ मध्ये आलेल्या नव्या प्रकारात हीच मर्यादा १० लाख ४८ हजार ५७६ आहे. त्यातच एका चाचणीच्या निकालासाठी अनेक ओळी खर्ची पडत, त्यामुळे एका तक्त्यात जेमतेम १४०० रुग्णांची माहिती बसे. रुग्णसंख्या वाढू लागली तशी तक्त्याबाहेर राहिलेली नावे गळू लागली. तेही मुकाट्याने.

माहिती, मसुदे किंवा काम यांचे तुकडे पाडणे आणि ते पुन्हा सांधणे हा संगणकावरील कामाचा रोजचा भाग झाला आहे. कार्यालयात एकच अहवाल चौघे लिहितात. सोसायटीच्या सभासदांची यादी आणि देखभाल खर्चाच्या पावत्या महिनाअखेरीस जुळवाव्या लागतात. प्रवेशअर्जासोबत सहा दाखले एकाच पीडीएफमध्ये जोडून मागितले जातात. यातील तोडण्याची क्रिया सहसा निर्धोक असते, कारण मूळ वस्तू हाताशी असते आणि चुकले तर पुन्हा तोडता येते. जोडताना मात्र संगणकाला काही निर्णय घ्यावे लागतात. ते कोणत्या आधारावर घेतले जातात, याची कल्पना वापरणाऱ्याला बहुधा नसते.

मूळ प्रत कोठे आहे?

प्रथम मसुद्याचे पाहू. समजा, सोसायटीची सूचना अशी आहे: ‘वार्षिक सभा रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर होईल. सभेनंतर अल्पोपाहार आहे.’ ही फाइल सचिव आणि खजिनदार या दोघांकडे गेली. सचिवांनी रविवारचा शनिवार केला. खजिनदारांनी, खर्चाकडे पाहून असेल, अल्पोपाहाराचे वाक्य काढून टाकले. आता दोन प्रती तिसऱ्या व्यक्तीच्या हाती आल्या. एकीत अल्पोपाहार आहे, दुसरीत नाही. हे वाक्य सचिवांनी नव्याने घातले की खजिनदारांनी वगळले? या दोन प्रती कितीही निरखल्या तरी उत्तर मिळणार नाही. ते केवळ मूळ सूचनेत आहे. ती समोर ठेवली की दोघांनी काय बदलले ते लख्ख दिसते आणि दोन्ही बदल एकत्र लागू करता येतात. शनिवारी सभा, अल्पोपाहार नाही.

संगणकशास्त्रात याला ‘थ्री-वे मर्ज’, म्हणजे तिपेडी जोडणी म्हणता येईल अशी पद्धत मानतात. दोन नव्या प्रती आणि त्या दोहोंची समान पूर्वज असलेली तिसरी. मूळ प्रत जपून ठेवणे हा नीटनेटकेपणाचा भाग नसून जोडणीची ती अटच आहे. आपल्याकडे नेमके उलटे होते. ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल खरी’ अशा नावांच्या फायली ई-मेलवरून फिरत राहतात आणि या सर्वांची आई कोणती, हे आठवड्याभराने कोणीच सांगू शकत नाही. प्रस्तुत प्रतिनिधीच्या संगणकावरही अशा काही फायली आहेत, हे येथे कबूल केलेले बरे.

दोन मजकुरांतील फरक संगणकाकडून काढून घेण्याची खटपट जुनी आहे. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकात डग्लस मॅकिलरॉय यांनी ‘डिफ’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. दोन फायलींत कोणत्या ओळी वाढल्या आणि कोणत्या गेल्या, एवढेच तो दाखवी. लॅरी वॉल यांच्या ‘पॅच’ने १९८५ मध्ये पुढचे पाऊल टाकले. आता संपूर्ण फाइल पाठवण्याऐवजी केवळ फरक पाठवायचा आणि समोरच्याने तो आपल्या प्रतीवर चढवायचा, हे शक्य झाले.

या साऱ्याची खरी कसोटी लागली ती लिनक्सच्या बांधणीत. जगभर विखुरलेले प्रोग्रॅमर एकाच प्रणालीवर काम करत होते आणि त्यांचे बदल सांधण्यासाठी २००२ पासून ‘बिटकीपर’ हे खासगी सॉफ्टवेअर वापरले जात होते. एप्रिल २००५ मध्ये त्याचा मोफत वापर बंद झाला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नवे साधन लिहायला घेतले. तेच ‘गिट’. त्याच वर्षीच्या जूनमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती गिटच्या आधारे प्रसिद्धही झाली. आज जगातील बहुसंख्य प्रोग्रॅमर हेच साधन वापरतात.

गावाकडच्या जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्यांना गिटची कल्पना परकी वाटू नये. जमिनीचे पोटहिस्से पडतात, वारस लागतात, खरेदी-विक्री होते आणि अशा प्रत्येक बदलाचा फेरफार क्रमांक सातबाऱ्यावर येतो. तो धरून मागे गेले की आधीची नोंद सापडते. गिटमध्येही प्रत्येक बदलाची अशीच नोंद होते. कोणी केला, केव्हा केला, का केला आणि त्याआधीची स्थिती कोणती होती. कामाच्या कितीही शाखा फुटल्या तरी दोन शाखांचा समान पूर्वज गिटला स्वतःच शोधून काढता येतो. तिपेडी जोडणीला हवी असलेली तिसरी प्रत त्याच्याकडे कायम तयार असते.

दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली तर? सचिवांनी शनिवार केला आणि खजिनदारांनी सोमवार, तर गिट निवाडा करत नाही. दोन्ही पाठ खुणांच्या ओळींसह एकाखाली एक मांडून ते थांबते. याला ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात आणि नवशिके त्याला फार घाबरतात. वास्तविक ही सर्वांत प्रामाणिक अवस्था होय. भीती बाळगायची ती जेथे यंत्राला तंटा दिसतच नाही तेथे. समजा, सचिवांनी पहिल्या वाक्यात सभा गच्चीवरून तळमजल्यावर आणली आणि खजिनदारांनी शेवटी नवे वाक्य घातले, ‘पाऊस असल्यास गच्चीवर ताडपत्री लावली जाईल.’ ओळी वेगळ्या, त्यामुळे जोडणी बिनतक्रार होते. सभा तळमजल्यावर आणि ताडपत्री गच्चीवर! मजकूर सांधला गेला, अर्थ नाही. प्रोग्रॅमच्या बाबतीत म्हणूनच जोडणीनंतर सर्व चाचण्या पुन्हा चालवून पाहतात. मसुद्याच्या बाबतीत चाचणी एकच, ती म्हणजे कोणीतरी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणे.

एकाच वेळी अनेकांनी टंकलेखन करण्याची सोय असलेल्या गूगल डॉक्ससारख्या साधनांत ही जोडणी क्षणोक्षणी चालू असते. त्यामागील तत्त्व क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ मध्ये मांडले होते. तुम्ही दहाव्या अक्षरापाशी काही खोडले आणि त्याच क्षणी दुसऱ्याने आरंभी तीन अक्षरे घातली, तर तुमचे ‘दहावे’ आता ‘तेरावे’ झाले, हे ओळखून आज्ञा बदलून घ्यायची. हे हिशेब यंत्र चोख करते. ताडपत्रीचा प्रश्न तेथेही शिल्लक राहतोच.

कामाच्या वाटणीतही खर्च जोडणीचाच असतो. आयबीएमच्या ‘ओएस/३६०’ या प्रचंड प्रकल्पाचा अनुभव घेतलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात हा हिशेब मांडला. चार माणसांत परस्परसंवादाच्या सहा जोड्या होतात, आठ माणसांत अठ्ठावीस. माणसे दुप्पट, बोलणी जवळपास पाचपट. लिनक्समध्ये तर जोडणीला वेळच राखून ठेवलेला असतो. प्रत्येक आवृत्तीच्या आरंभी सुमारे दोन आठवडे नव्या कामाची जोडणी होते आणि पुढील सहा ते आठ आठवडे केवळ दुरुस्त्या. आपल्या कार्यालयांत अहवाल चौघांत वाटला जातो तेव्हा तो सांधायला किती दिवस लागतील, हे क्वचितच कोणी धरते.

‘ॲड.’ आणि ‘ॲड.’

याद्यांची जोडणी याहून कपटी. दोन याद्या जुळवायच्या तर दोहोंत समान अशी खूण लागते. सभासद क्रमांक असेल तर उत्तम, पण बहुतेक जण नावावरून जुळवायला जातात आणि मराठीत येथेच पाय घसरतो. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत आणि अजूनही अनेक कळफलक तसेच करतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत. एका यादीतील ‘ॲड.’ उपाधी लावलेला वकील दुसऱ्या यादीत सापडत नाही तो यामुळे. ‘कऱ्हाड’मधील ‘ऱ्ह’चेही तसेच. कोणी पायाखाली टिंब असलेला ‘र’ वापरतो, तर कोणी साध्या ‘र’नंतर डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. शिवाय ‘कराड’ लिहिणारे आहेतच. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये जपलेली यादी असेल तर विचारायलाच नको. ती मराठीचा मुखवटा चढवलेली रोमन अक्षरे असतात. फॉन्ट बदलताच मुखवटा गळतो.

आकडेही सुरक्षित नाहीत. मजकुराची फाइल एक्सेलमध्ये उघडली की ‘००४५’ या क्रमांकाचे ४५ होते. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपते, त्यामुळे सोळा अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून शिरला की त्याचा शेवटचा अंक शून्य होतो. ०५/०६ ही तारीख एका संगणकावर ५ जून असते, दुसऱ्यावर ६ मे. आणि एकाच नावाच्या दोन नोंदी असतील तर एक्सेलचे ‘व्हीलुकअप’ पहिली उचलते आणि दुसरीविषयी अवाक्षर काढत नाही. अशा वेळी एका सभासदाची पावती दुसऱ्याच्या नावावर चढते, आणि थकबाकीची नोटीस पैसे भरलेल्याच्या दारावर लागते. उपाय कंटाळवाणा असला तरी खात्रीचा आहे. प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यावा, तो आकडा म्हणून नव्हे तर मजकूर म्हणून साठवावा आणि न जुळलेल्या नोंदींची यादी वेगळी काढून डोळ्यांखालून घालावी.

पीडीएफविषयी थोडक्यात. पाने तोडणे-जोडणे येथे खरोखरच सोपे, कारण आतील मजकुराला कोणी हात लावत नाही. अडचण डिजिटल स्वाक्षरीची. स्वाक्षरी केलेला उतारा किंवा दाखला इतर कागदांबरोबर जोडला, की नव्या फाइलमध्ये ती स्वाक्षरी पडताळता येत नाही. म्हणून मूळ फाइल वेगळी जपावी. आणि आधार, पॅनच्या प्रती मोफत जोडून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी, त्या तेथे किती काळ राहतील याचा विचार करावा. हे काम इंटरनेटशिवाय, आपल्याच संगणकावरही होते.

इंग्लंडमध्ये पुढे काय झाले? आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांना ५ ऑक्टोबर रोजी संसदेत निवेदन करावे लागले. तातडीचा उपाय म्हणून फायलींचे लहान तुकडे करून ते अधिक तक्त्यांत भरण्यास सुरुवात झाली. या गोंधळाचा अभ्यास थिमो फेत्झर आणि थॉमस ग्रेबर या अर्थशास्त्रज्ञांनी केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णांच्या संपर्कांचा शोध वेळेवर घेतला गेला त्यांच्याशी निगडित नवी लागण, यादीतून गळलेल्या रुग्णांच्या तुलनेत, पुढील सहा आठवड्यांत ६३ टक्क्यांनी आणि मृत्यू ६६ टक्क्यांनी कमी होते, असा त्यांचा सावधपणे काढलेला निष्कर्ष आहे.

मर्यादेहून मोठी फाइल माणसाने स्वतः उघडली तर ती पूर्ण भरली गेली नसल्याची सूचना एक्सेल देते. काम आपोआप चालते तेथे ही सूचना वाचायला कोणी बसलेले नसते. तेथे यंत्रालाच दोन आकडे मोजायला सांगावे लागतात, आत किती ओळी आल्या आणि बाहेर किती गेल्या.