बर्फाचं घड्याळ, वादळाचा बावटा

२००९ साली वादळी हवेने तीन किनाऱ्यांवर आपला इंगा दाखवला. ७ फेब्रुवारीला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, गोठलेल्या इरी सरोवरावर मासे धरायला गेलेली माणसं अडकली. बर्फाला पडलेली भेग लाकडी फळ्या टाकून ओलांडली, की पलीकडे हुकमी मासळी. पण हवेत ऊब आली, जोराचा वारा सुटला आणि मैलोगणती लांबीचा बर्फाचा तुकडा किनाऱ्यापासून सुटून निघाला. शंभरावर माणसं हेलिकॉप्टर आणि होड्यांनी सोडवावी लागली. एक जण दगावला. ११ नोव्हेंबरला ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. दिवाळी उलटून महिनाही झाला नव्हता. पावसाळा सरला, दर्या निवळला, अशा भरवशावर रत्नागिरी-सिंधुदुर्गातून बाहेर पडलेल्या बोटींपैकी काही परत आल्याच नाहीत. आणि २५ नोव्हेंबरला, ऐन हजच्या पहिल्या दिवशी, जेद्दावर चार तासांत सुमारे ९० मिलिमीटर पाऊस कोसळला. वर्षभरात जेमतेम ५०-६० मिलिमीटर पाहणाऱ्या त्या शहरात शंभरावर माणसं पुरात गेली.

यातली दोन टोकं, गोठलेलं सरोवर आणि वाळवंटी बंदर, जोडणारी वस्तू म्हणजे बर्फ. तिकडे तो मासे धरणाऱ्याच्या पायाखाली असतो, इकडे बोटीच्या खणात. दोन्हीकडे मासेमारी त्याच्यावर चालते आणि दोन्हीकडे तो माणसाला धोक्यात ओढतो.

शराफियातला बर्फ

शराफिया ही जुन्या जेद्दाजवळची वस्ती. खानावळी, दवाखाने, माल पाठवणाऱ्यांची कार्यालयं, आणि फुटपाथवर मल्याळम. सौदीतल्या केरळींचा हा जुना नाका. दापोली, खेड, चिपळूण, श्रीवर्धनकडच्या कोकणी मुसलमान कुटुंबांनाही जेद्दा परकं नाही. १९९५पर्यंत हजची जहाजं मुंबईहून थेट याच बंदराला लागत. अशा वस्तीत जेवणाचा पहिला प्रश्न मासळीचा. सुरमईला इथे दिराक म्हणतात. प्रवाळातला गोबऱ्याच्या जातीचा नाजिल हा स्थानिकांचा मानाचा मासा. त्याचा दर ऐकून कोकणी माणूस मुकाट्याने बांगड्याकडे वळतो.

इथला हिवाळा म्हणजे पहाटे १८-१९ अंश. समुद्राचं पाणी जानेवारीतही पंचवीस अंशांच्या आसपास. तेव्हा बर्फ कारखान्यातच व्हायचा, आणि त्याला लागणारं गोडं पाणी हाच जेद्दाचा मूळ तुटवडा. उस्मानी काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी, इथे समुद्राचं पाणी उकळून गोडं करणारं यंत्र बसवलं. १९४७मध्ये वादी फातिमाचं पाणी नळाने आलं. १९७०मध्ये निर्क्षारीकरणाचा मोठा प्रकल्प सुरू झाला आणि शहराची तहान समुद्रावर टाकली गेली. म्हणजे जेद्दात मासा ज्या समुद्रातून येतो, त्याला थंड ठेवणारा बर्फही बहुतांशी त्याच समुद्राचा.

वादळ कुठून येतं

तांबडा समुद्र दोन्हीकडच्या डोंगरांमध्ये अडकलेला, लांबट. उन्हाळ्यात त्याच्या लांबीभर वायव्येचा वारा वाहतो. हिवाळ्यात मात्र दक्षिण भागात आग्नेयेकडून, बाब-अल-मंदेबच्या चिंचोळ्या तोंडातून, उलटा वारा शिरतो. हे दोन वारे जेद्दाच्या दक्षिणेला समोरासमोर येतात. त्यातच सुदानकडून कमी दाबाचा पट्टा उत्तरेला सरकला, अरबी समुद्राकडची ओल त्याला मिळाली आणि भूमध्य समुद्राकडून वरच्या थरात थंड हवा आली, की गडगडाट ठरलेला. २६ जानेवारी २०११ला असंच झालं. २४ नोव्हेंबर २०२२ला तर सकाळी आठ ते दुपारी दोनच्या दरम्यान दक्षिण जेद्दात १७९ मिलिमीटर पाऊस झाला आणि २००९चा आकडा मागे पडला.

शहरात बातमी होते ती पुराची. प्रवाळाच्या खडकांजवळ गळ आणि पिंजरे लावणाऱ्या छोट्या होड्यांसाठी खरी अडचण वाऱ्याची. लाटा उठल्या की बंदर बंद, लिलावात माल तुटपुंजा, आणि दुकानात इतर बंदरांहून, परदेशांतून बर्फात आलेली मासळी.

हिशेब

एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. तीस अंशांवरचा एक किलो मासा शून्यापर्यंत उतरवायला त्याच्या साधारण एक तृतीयांश पुरते. म्हणजे कागदावर एक किलो बर्फात तीन किलो मासा गार होतो. पण खणाच्या भिंतीतून आत शिरणारी उष्णता, झाकण उघडताना येणारी हवा आणि प्रवासाचे दिवस धरले, तर उष्ण प्रदेशात मासळीइतकाच बर्फ घ्यावा लागतो. शून्य अंशांवर मासा दहा-बारा दिवस टिकतो. दहा अंशांवर नासण्याचा वेग सुमारे चौपट. बांगडा, सुरमई, कुपा यांचं दुखणं आणखी वेगळं. ऊब मिळाली की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. वासाने ते कळेलच असं नाही, आणि कितीही शिजवलं तरी जात नाही.

म्हणून बोट समुद्रात किती दिवस राहणार हे जाळं ठरवत नाही, बर्फ ठरवतो. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला किंवा हर्णैला ट्रॉलर निघताना डिझेल, खलाशांचा शिधा आणि बर्फाच्या लाद्या आधी भराव्या लागतात. लाद्या फोडून चुरा खणात गेला की खर्च झाला. मासळी मिळो न मिळो, तो वितळणारच. पैसा पुष्कळदा व्यापाऱ्याकडून उचललेला. अशा वेळी बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला तर तांडेलासमोर दोन हिशेब उभे राहतात. बाहेर असेल तर अर्धा खण रिकामा घेऊन परतायचं, बंदरात असेल तर भरलेला बर्फ धक्क्यावर पाणी होऊ द्यायचा. ‘अजून एक खेप टाकू’ हे शब्द तोंडात येतात ते धाडसापोटी नव्हे, वितळणाऱ्या खर्चापोटी. इरी सरोवरावर फळ्या टाकून भेग ओलांडणाऱ्यांना निदान कर्ज फेडायचं नव्हतं.

देवगडचा आसरा

डिसेंबर २०१७मध्ये ‘ओखी’ चक्रीवादळ आलं तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या ६८ बोटी आणि त्यांवरची ९५२ माणसं सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागली. शराफियातल्या केरळींच्या राज्यातली माणसं त्या दिवसांत समुद्रावर होती, आणि कोकणातल्या बंदरांनी शेकडोंना ठाव दिला. २०१९च्या ‘क्यार’ चक्रीवादळातही सिंधुदुर्गातल्या देवगडचा खाडीमुखाचा आडोसा परराज्यांतल्या बोटींना उपयोगी पडला.

आसरा मिळाला की जीव वाचतो. खणातल्या मासळीचं काय, हा प्रश्न उरतोच. अशा बंदरांत शीतगृह असेल, बर्फ रास्त दरात मिळत असेल, मासळी तिथल्या तिथे विकता येत असेल, तर थांबणं परवडतं. नसेल तर वारा जरा पडताच बोट बाहेर काढण्याचा मोह होतो. हवामान खात्याचा इशारा आता बराच आधी मिळतो. तो पाळण्याची ऐपत मात्र इशाऱ्याबरोबर येत नाही. जीवरक्षक जाकीट आणि बिनतारी संच यांच्यासाठी योजना असतात. बर्फाकडे मात्र धंद्याचा खर्च म्हणूनच पाहिलं जातं.

ही नजर बदलायला हवी. वादळाच्या दिवसांत आसऱ्याच्या बंदरात मिळणारा स्वस्त बर्फ हे सुरक्षेचं साधन आहे, आणि सरकारने त्याचा खर्च त्याच खात्यात धरावा. गिऱ्हाइकाचाही यात वाटा आहे. वादळानंतरच्या आठवड्यात, शराफियात असो की दादरला, मासळी महागच असणार. तेव्हा दरावरून घासाघीस करण्यापेक्षा ती किती दिवस बर्फात होती हे विचारावं, गिल आणि डोळे पाहावेत, आणि त्या दरात कोणीतरी न केलेल्या एका खेपेची किंमत आहे हे मान्य करावं.