सूर्य जवळ येत नाही, डोक्यावर येतो

उन्हाळा का येतो, असे विचारले तर परभणीत दहांतले आठ जण सांगतील, ‘सूर्य जवळ येतो म्हणून.’ उत्तर पटण्यासारखे आहे, पण चूक आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. त्या दिवसांत परभणीत शेकोट्या पेटलेल्या असतात, शेतात हुरडा भाजला जातो. इथल्या कृषी विद्यापीठातील नोंदींत याच हंगामात पारा ५ अंशांखाली उतरल्याचेही दिसते. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर जाते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. शिवाय अंतरावरून ऋतू ठरत असते, तर साऱ्या जगात एकाच वेळी उन्हाळा आला असता. पण डिसेंबरअखेर मेलबर्नला कसोटी सामना सुरू असतो तो भर उन्हाळ्यात. आपण मात्र तो पहाटे उठून, अंगावर शाल घेऊन टीव्हीवर पाहतो.

खरे कारण आहे पृथ्वीचा कल. पृथ्वीचा आस सरळ उभा नाही, तो सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे. सूर्याभोवती वर्षभर फिरताना हा कल एकाच दिशेला राहतो. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, तर डिसेंबरमध्ये दक्षिण गोलार्ध. ज्या गोलार्धाचा झुकाव सूर्याकडे, तिथे किरण सरळ पडतात आणि दिवस मोठा असतो.

किरण सरळ पडल्याने काय फरक पडतो, हे घरी टॉर्च घेऊनही पाहता येते. टॉर्च भिंतीसमोर सरळ धरला की उजेडाचा गोल लहान आणि प्रखर दिसतो. तिरपा धरला की तोच उजेड पसरट आणि मंद होतो. उन्हाचेही तसेच आहे. परभणी १९ अंशांपेक्षा थोड्या जास्त उत्तर अक्षांशावर आहे. इथे २१-२२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. अंगणात एक मीटर उंचीची काठी रोवली तर तिची सावली सुमारे ९२ सेंटीमीटर पडते. १७ मेच्या सुमारास त्याच काठीची सावली दुपारी १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास जवळजवळ नाहीशी होते. हाच शून्य सावलीचा दिवस. आकाश सारखेच निरभ्र असेल, तर डिसेंबरच्या दुपारी जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावर मेमधल्या उन्हाच्या जेमतेम तीन चतुर्थांश ऊन पडते. त्यात डिसेंबरचा दिवस ११ तासांचा, तर मेमधला १३ तासांहून थोडा मोठा. ऊन प्रखरही आणि जास्त वेळही, म्हणून जमीन तापत जाते.

मग सर्वांत मोठा दिवस २१ जूनचा असताना परभणी मेमध्ये का होरपळते? याला कारण पाऊस. जूनमध्ये मोसमी ढग येतात आणि ऊन अडवतात. ओल्या मातीतले पाणी सुकवण्यातही बरीच उष्णता खर्च होते. सूर्य २६ जुलैच्या सुमारास परभणीच्या डोक्यावर पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते आणि सावली हरवल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. मेमध्ये मात्र आभाळ कोरडे, रान उघडे आणि काळी माती ऊन शोषणारी.

मुंबईशी तुलना केली की हे आणखी स्पष्ट होते. मुंबई जवळजवळ याच अक्षांशावर आहे, म्हणजे सूर्य दोन्हीकडे सारखाच डोक्यावर येतो. तरी समुद्रामुळे तिथले मेमधले सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास राहते, तर समुद्रापासून दूर असलेली परभणी ४० अंश ओलांडते.

शरीराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. आपल्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गार असेल तर अंगातली उष्णता बाहेर जाते. हवा ४२ अंशांवर गेली की उलट हवाच शरीराला तापवू लागते. मग एकच मार्ग उरतो, घाम सुकण्याचा. परभणीच्या कोरड्या झळांत घाम इतका झटपट सुकतो की किती पाणी गेले याचा पत्ताच लागत नाही. धसकटे वेचणाऱ्या किंवा वखरणी करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे लागते. घाम फार जात असेल तर मिठाचे ताक किंवा ओआरएस घ्यावे.

उन्हाची सवय शरीर करून घेते, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते आणि रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. मार्चमध्ये दुपारचा सूर्य रोज सुमारे ०.४ अंशाने वर चढतो, म्हणजे ही सवय व्हायला निसर्गच सवड देतो. ही सवड न मिळालेल्यांना धोका अधिक असतो: थंड गावाहून मेच्या लग्नाला आलेला पाहुणा, आजारपणानंतर एकदम कामावर गेलेला मजूर, वृद्ध, लहान मुले. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

उन्हात काम केलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध पडला आणि अंग भट्टीसारखे तापले असेल, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी घाम येत असला तरी गाफील राहू नये. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही, आणि खिशातल्या कांद्यानेही नाही.

दिवसातले सर्वाधिक तापमान सूर्य डोक्यावर असताना नव्हे, तर तीनच्या सुमारास असते, कारण दुपारनंतरही जमीन तापतच राहते. म्हणून साडेबाराचा मुहूर्त आणि त्यानंतर मांडवात चालणाऱ्या पंगती म्हणजे दिवसातली सर्वांत कठीण वेळ. पावसाची तारीख मागेपुढे होते, सूर्याची होत नाही. १७ मेच्या सुमारास तो डोक्यावर येणार, हे आजच सांगता येते. मग लग्नाची वेळ संध्याकाळची धरणे, शेतातले काम सकाळी अकराच्या आत उरकणे आणि मजुरांसाठी सावली व पाण्याची सोय मार्चमध्येच करून ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.