ज्योत वर का जाते?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाने अंतराळाच्या भानगडीत का पडावं?" प्रश्न रास्त आहे. समईपासून सुरुवात करू.

ज्योत वर का जाते? ॲरिस्टॉटल म्हणे, अग्नीचं स्वाभाविक स्थानच वर आहे. आपल्या वैशेषिकसूत्रांत हे ऊर्ध्वज्वलन 'अदृष्टा'मुळे होतं असं सांगितलंय. मला ते प्रामाणिक वाटतं. कारण आहे, पण दिसत नाही. (आता 'कणादांना गुरुत्वाकर्षण ठाऊक होतं' असं कृपया कुणी म्हणू नका!)

तापलेली हवा हलकी होते, जड थंड हवा खालून शिरून तिला वर ढकलते, म्हणून ज्योत निमुळती. म्हणजे तो आकार अग्नीचा नव्हे, पृथ्वीचा. 1990च्या दशकात शटलमध्ये आणि 'मीर' स्थानकावर मेणबत्त्या लावून पाहिल्या, तेव्हा ज्योत जवळजवळ गोलाकार, मंद आणि निळी दिसली. तिथे प्राणवायू विसरणाने, सावकाश पोचतो.

हा खेळ नाही. 27 जानेवारी 1967 रोजी अपोलो 1ची चाचणी चालू होती, तीही जमिनीवर. यानात शुद्ध प्राणवायू, दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, आणि दार आत उघडणारं. ग्रिसम, व्हाइट, चॅफी गेले. फेब्रुवारी 1997 मध्ये 'मीर'वर प्राणवायू तयार करणारं नळकांडंच पेटलं. विझवायला जाणाऱ्याला पळायला अंगण नाही! धूरही वर जात नाही. म्हणून धूरशोधक छताला लावून भागत नाही, हवा जिथून खेळवली जाते तिथे लागतो. आणि आग लागली की आधी पंखे बंद, कारण तिला वारा घालणारे तेच.

आता खरी गंमत. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर हेप्टेन या इंधनाचे थेंब जाळत होते. ज्योत विझली. तरी थेंब आटतच राहिला! रासायनिक क्रिया कमी तापमानाला, डोळ्यांना न दिसता चालू होती. याला 'थंड ज्योत' म्हणतात. थंड म्हणजे काही शे अंश, हात घालू नका. 2012 मध्ये हे प्रसिद्ध झालं. अशा क्रिया डिझेल इंजिनातही होतात, पण तिथल्या धांदलीत त्या सुट्या करून पाहणं अवघड.

धुरावरून अग्नीचं अनुमान आपण सगळेच शिकलो. धुरावाचूनही अग्नी असतो, हे नैयायिकांना माहीत होतं. तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण ते देत. इथे मात्र ज्योतीवाचून ज्वलन आहे, आणि ते ओळखायला आपल्याकडे फक्त एक आटत जाणारा थेंब होता.