गोवर आणि प्रतिकारशक्तीची स्मृती

गोवर हा बालवयातील एक अटळ आजार होय, अशी समजूत आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ताप येतो, पुरळ उठते आणि पंधरवड्यात मूल हिंडूफिरू लागते. तथापि या रोगातील पुष्कळसे मृत्यू त्यामागून येणाऱ्या न्यूमोनिया, अतिसार इत्यादी विकारांनी होतात. गोवर शरीराला इतके असहाय कसे करतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

त्याचा पहिला धागा १९०८ साली व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांच्या हाती लागला. क्षयाचा संसर्ग झालेल्या मुलांच्या त्वचेत ट्युबरक्युलिन टोचले असता उमटणारी प्रतिक्रिया गोवराच्या काळात नाहीशी होते, असे त्यांना आढळले. पुढे १९५४ साली एंडर्स व पीबल्स यांनी या रोगाचा विषाणू वेगळा केला; परंतु तो पेशीत शिरतो कसा, याचा उलगडा होण्यास बराच काळ जावा लागला. २००० साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, 'स्लॅम' नावाचे प्रथिन हे त्याचे प्रवेशद्वार होय. हे प्रथिन प्रतिकारसंस्थेच्याच पेशींवर असते, आणि पूर्वीच्या रोगांची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशींवर ते विशेष आढळते. म्हणजे पहारेकरीच शत्रूचे पहिले भक्ष्य ठरतात. शिवाय विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांच्या नुसत्या स्पर्शानेही टी-पेशींचे विभाजन मंदावते.

येथे एक विरोधाभास उद्भवतो. रक्तातील लसीका-पेशींची घटलेली संख्या थोड्याच दिवसांत पूर्ववत होते. दुर्बलता मात्र दीर्घकाळ टिकते. याचे उत्तर असे की, भरून आलेल्या पेशींत गोवराला ओळखणाऱ्या नव्या पेशींचा भरणा मोठा असतो. संख्या भरून येते, संचित ज्ञान भरून येत नाही. नेदर्लंड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी व गोवरानंतर तुलना केली असता, त्यांच्या प्रतिपिंडांच्या संग्रहाचा ११ ते ७३ टक्के भाग लोपल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. उलट खुद्द गोवराविरुद्धची प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते. १७८१ साली गोवर होऊन गेलेले फेरो बेटांतील वृद्ध १८४६ च्या साथीत सुरक्षित राहिले, हे पानुम या डॅनिश वैद्याचे निरीक्षण प्रसिद्धच आहे.

या घटनेस 'प्रतिकारशक्तीची विस्मृती' असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परिभाषेच्या दृष्टीने हा शब्द थोडा तपासून घ्यावा लागेल. विस्मृत गोष्ट पुन्हा आठवू शकते, असा अर्थ आपल्या भाषेत गृहीत असतो. येथे स्मृती धारण करणारी पेशीच नष्ट होते. तेव्हा 'स्मृतिलोप' हाच शब्द अधिक यथार्थ होय. लोपलेले ज्ञान परत मिळवायचे तर त्या त्या रोगजंतूशी शरीराची नव्याने गाठ पडावी लागते, अथवा लस पुन्हा द्यावी लागते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. गोवराच्या लशीतील क्षीण केलेल्या विषाणूमुळे असा लोप झाल्याचे वरील संशोधनात आढळले नाही. सबब ही लस एका रोगापासून रक्षण करते, इतकेच म्हणणे अपुरे आहे. इतर रोगांशी झुंजून शरीराने मिळविलेले सारे संचितही तीच राखते.