खताच्या पोत्यातला ‘क्ष’

गव्हाची पेरणी तोंडावर आली, की आम्हा कृषी खात्यातल्या माणसांना बांधावर एकच प्रश्न ऐकायला मिळतो, ‘‘साहेब, एकरी युरिया किती टाकू?’’ या प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकलो होतो. आज ते कबूल करतो, कारण त्या चुकीपायीच मी वयाच्या तिशीनंतर पुन्हा बीजगणित शिकलो.

झाले असे. एका तात्यांना मी गव्हासाठी खताचा हिशेब काढून दिला. नत्राचा वेगळा, स्फुरदाचा वेगळा. पीक काळेभोर, हिरवेगार वाढले. पुढे वाऱ्या-पावसात ते आडवे झाले. सगळा दोष खताचा नव्हता, हेही खरे. पण तात्यांचा नववीतला नातू वही घेऊन पुढे आला आणि म्हणाला, ‘‘काका, डीएपीतलं नत्र तुम्ही धरलंच नाही की.’’ मी कागद पाहिला. पोरगं बरोबर होतं. तात्या काही बोलले नाहीत, चहा तेवढा पुढे केला. तो चहा गोड लागला नाही.

आता तुम्ही म्हणाल, साहेबाला गणित येत नव्हतं का? दहावीला बीजगणिताचा पेपर मी पास झालो होतो. पण पाठ करून. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ एवढे ठाऊक होते. का बदलते, हे कधी विचारले नव्हते. पुढे कृषी पदविका झाली, नोकरी लागली आणि तयार तक्त्यांवर काम भागत गेले.

गावात एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, ‘‘एकटा कशाला येतोस? आणखी चौघांना आण.’’ मग शाळेच्या एका खोलीत संध्याकाळी तासभर आम्ही सात जण बसू लागलो. त्यात सोसायटीचे सचिव होते, बचत गटाच्या दोन ताई होत्या आणि खुद्द तात्याही होते. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या मनात एकच भीती. आकडे समजतात, पण ही अक्षरे गणितात कशाला?

गुरुजींनी फळ्यावर तराजू काढला. एका पारड्यात सारख्या वजनाची तीन पोती आणि दहा किलोचे माप. दुसऱ्या पारड्यात १६० किलोची मापे. काटा मधोमध. ‘‘पोत्याचं वजन ठाऊक नाही ना? मग ठाऊक होईपर्यंत त्याचं नाव ‘क्ष’. आता ३ क्ष + १० = १६०. पहिल्यांदा काय कराल?’’ तात्याच बोलले, ‘‘दोन्हीकडचे दहा-दहा किलो काढून घ्यायचे.’’ राहिले ३ क्ष = १५०. म्हणजे एक पोते ५० किलोचे. दहा इकडून तिकडे जाताना वजा का होतात, ते मला त्या दिवशी उमगले. ते जात नाहीत. दोन्ही पारड्यांतून सारखेच काढले जातात.

आता हाच तराजू गव्हाला लावू. बागायती, वेळेवर पेरणीच्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे. एकरी धरले तर ४८, २४ आणि १६ किलो.

आधी स्फुरद. १०० किलो डीएपीत ४६ किलो स्फुरद आणि १८ किलो नत्र असते. डीएपी ‘क्ष’ किलो धरा. ०.४६ क्ष = २४. म्हणून क्ष म्हणजे सुमारे ५२ किलो. या ५२ किलोंतून सुमारे ९.४ किलो नत्र आपोआप मिळाले.

आता युरिया ‘य’ किलो धरा. त्यातही ४६ टक्के नत्र. मग ०.४६ य + ९.४ = ४८. दोन्हीकडून ९.४ काढा. उरले ३८.६. त्याला ०.४६ ने भागा, युरिया आला ८४ किलो. पारड्यातले ते ९.४ मी विसरलो होतो. म्हणून माझे उत्तर आले होते १०४. एकरी २० किलो युरिया फुकट, म्हणजे ४५ किलोच्या गोणीतला जवळजवळ अर्धा! पैसे गेलेच, वर पीक लोळायला आमंत्रण.

या ८४ पैकी ३२ किलो पेरणीच्या वेळी द्या. उरलेला ५२ किलो साधारण २१ दिवसांनी, पहिल्या पाण्याच्या वेळी. पालाशासाठी ६० टक्क्यांचे म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे २७ किलो लागेल. ते पेरतानाच द्यायचे. माती परीक्षणाचा अहवाल असेल तर ४८, २४, १६ च्या जागी त्यातले आकडे घाला. रीत तीच राहील. आणि शेवटी ताळा करायला विसरू नका : ८४ चे ४६ टक्के अधिक ९.४, बेरीज ४८ च्या आसपास आली पाहिजे.

ही विद्या परकी आहे असेही समजू नका. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. बीजगणित हा त्याचाच एक भाग. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभा राहिल्याचा १२०७ सालचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. अज्ञात संख्येला ते ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे जितके असेल तितके. आणखी अज्ञात आल्या तर काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे. आपला ‘क्ष’ त्यांच्याच कुळातला.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना विनंती, की संध्याकाळी शाळेची एक खोली आणि फळा तासभर मिळवून द्या. शिकवणारे निवृत्त गुरुजी बहुतेक गावांत असतात. आठवीचे जुने पुस्तक पुरते.

आणि बंधूंनो, यापुढे मी किंवा दुकानदाराने पोत्यांचा आकडा सांगितला, तर एवढेच विचारा, ‘‘डीएपीतलं नत्र धरलंय का?’’ तात्या आता मला दर वर्षी विचारतात. मी कागद पुढे करतो आणि ते स्वतः ताळा करून बघतात.