हृदयविकार समजून घेताना : लेखांक ९
उघडलेल्या वाहिनीपलीकडचा रक्तस्राव

हृदयरोहिणीत अडकलेली गुठळी औषधाने विरघळवली किंवा अँजिओप्लास्टीने वाहिनी मोकळी केली, तरी रक्त स्नायूपर्यंत नीट पोचतेच असे नाही. काही रुग्णांत तर परतलेले रक्त केशवाहिन्यांच्या भिंती फोडून स्नायूतंतूंमध्ये पसरते, आणि या घटनेला हृद्स्नायूंतर्गत रक्तस्राव म्हणतात. रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे हिरड्यांतून, जठरात किंवा मेंदूत होणाऱ्या रक्तस्रावाहून हा प्रकार निराळा आहे. तो बाहेर दिसत नाही, आणि अँजिओग्राफीच्या पडद्यावर मुख्य वाहिनी उत्तम वाहताना दिसत असली तरी आत तो चालू असू शकतो.

त्याचे मूळ वाहिनी बंद असतानाच्या काळात असते. क्लोनर, गॅनोट आणि जेनिंग्ज यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात, ४० मिनिटे बंद ठेवलेली रोहिणी उघडल्यावर रक्त स्नायूत सर्वत्र परतले, परंतु ९० मिनिटांनंतर आतल्या थराच्या बऱ्याच भागात ते परतलेच नाही, कारण तोवर केशवाहिन्यांचे अस्तर सुजून आतला मार्ग बुजला होता. अडथळा आणखी लांबला की हेच अस्तर मरते, आणि मग पुन्हा दाबाने आलेल्या रक्ताला थोपवणारे काही उरत नाही. गुठळीविरोधी औषधे ही गळती वाढवू शकतात, मात्र केवळ त्यांना दोष देणे अपुरे ठरते.

म्हणून विलंबाचा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. भारतातील ५० शहरांतील रुग्णांची नोंद घेणाऱ्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ अभ्यासात, मोठा झटका आलेल्या रुग्णांना लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंत लागलेल्या वेळेचा मध्यक ३६० मिनिटे होता. उदाहरणार्थ, इंदूरच्या स्नेहलतागंजसारख्या मध्यवर्ती वस्तीतून महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे बोलीतले ‘एम. वाय.’, फारसे दूर नाही. पण ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा आणि सोडा घेत घरातच वेळ काढला, तर जवळच्या रुग्णालयाचा लाभ आपोआप मिळत नाही.

रक्तस्रावाच्या या धोक्यावरून वाहिनी उघडूच नये, असा निष्कर्ष काढणे मात्र घातक आहे. इटलीतील ‘जिस्सी’ चाचणीत (१९८६) स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारे औषध दिलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले, आणि सर्वाधिक लाभ लवकर आलेल्यांना झाला. त्याच वेळी, सूक्ष्मवाहिन्यांत उरलेला अडथळा औषधाने धुऊन काढता येईल ही आशा फोल ठरली आहे: ब्रिटनमधील ‘टी-टाइम’ चाचणीत (२०१९) अँजिओप्लास्टीच्या वेळी थेट हृदयरोहिणीत सोडलेल्या अल्टेप्लेज या तशाच औषधाच्या अल्प मात्रेने हा अडथळा कमी झाला नाही.

रक्तस्राव ओळखण्याचे सर्वांत विश्वासार्ह साधन म्हणजे हृदयाचा एमआरआय. सांडलेल्या रक्तातील लोह चुंबकीय क्षेत्र विस्कळीत करते आणि विशिष्ट चित्रांत तो भाग काळा उमटतो. अशा तपासण्यांत, मोठ्या झटक्यानंतर वाहिनी उघडलेल्या दहापैकी साधारण चार रुग्णांत हा स्राव आढळतो, हे प्रमाण क्षुल्लक नव्हे. कॅनडाच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्यांच्या वर्गीकरणात त्याला शेवटची, सर्वांत गंभीर पायरी दिली आहे. तिच्याआधीच्या तीन म्हणजे जवळजवळ पूर्ण वाचलेला स्नायू, पेशींचा मृत्यू आणि सूक्ष्मवाहिन्यांचा अडथळा.

हे लोह तेथून लवकर निघून जात नाही. त्याभोवती भक्षक पेशी जमतात, दाह लांबतो, व्रणाच्या जागी चरबी साठू शकते, आणि डावा कप्पा हळूहळू फुगून हृदय दुर्बळ होण्याची शक्यता वाढते. सोयीची गोष्ट एवढीच, की लोहाला बांधून शरीराबाहेर नेणारे डेफेरिप्रोन हे औषध थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी आधीपासून वापरात आहे, त्यामुळे झटक्यानंतर ते उपयोगी पडते का, हे पाहणाऱ्या चाचण्यांना अगदी नव्या औषधापासून सुरुवात करावी लागलेली नाही.